चाकोरीबाहेर

परवा माझा भाचा चार मित्रांना घेऊन कोल्हापुराहून राधानगरीला आला, तो हातात नकाशा घेऊनच. दिवाळीच्या सुट्टीत तीन जीपगाड्या, बारा माणसे आणि दाजीपूरच्या आसपासचे डोंगर, असा त्यांचा बेत. कोणी कोणत्या गाडीत बसायचे, डिझेलची वर्गणी किती, इतकेच काय, चाक रुतले तर ओढायचा दोर कोणत्या गाडीत ठेवायचा, हेही ठरले होते. इतकी शिस्त माझ्या वर्गात असती तर मी धन्य झालो असतो!

"मामा, रस्त्यानं काय, सगळं जगच जातंय. आम्हाला चाकोरीबाहेर जायचंय," असे म्हणून भाच्याने नकाशावर बोट टेकले. तिथे एक सडा होता.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. उन्हाळ्यात बघाल तर नुसता काळा कातळ. पण पावसाळा सरता सरता त्या कातळावरच्या बोटभर मातीत निळी-जांभळी सीतेची आसवं उमलतात, गेंदाची पांढरी बोंडे डुलू लागतात. ती माती इतकी निकस, की सीतेची आसवं तिच्यावर विसंबून राहातच नाहीत. बारीक बारीक किडे पकडून ती आपली उणीव भरून काढतात. दिवाळीपर्यंत फुले ओसरतात आणि पुढच्या वर्षीचे बी त्याच बोटभर मातीत पडून राहाते. ही माती एकदा चाकाखाली उखडली, की पावसाने वाहून जाते. खाली उरतो तो दगड.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. वीसएक वर्षांपूर्वी आम्ही सात मित्र असेच एका सड्यावर जीप घेऊन गेलो होतो. भुरभुर पाऊस होता. मी खाली उतरून "ये, ये, अजून ये" असा हात करीत पुढे चाललो होतो. पुढच्या वर्षी मुलांची सहल घेऊन मी त्याच सड्यावर गेलो. चहूकडे फुले होती आणि मधून दोन उघड्या रेघा सरळ गेल्या होत्या. एका मुलीने विचारले, "गुरुजी, इथनं कोण गेलंवतं?" मी म्हणालो, "असेल कोणीतरी." शिक्षकाच्या पेशात मी अनेकदा अज्ञान लपविले आहे, पण ज्ञान लपविल्याची खंत ही एकच.

नंतर मित्रांपाशी विषय काढला. जीप हाकणारा म्हणाला, "तू हात केलास म्हणून मी आलो." मी म्हणालो, "सगळ्यांचीच हौस होती." मागे बसलेले म्हणाले, "आम्हाला कोणी विचारलं?" सात जणांचे बोलणे खरे होते आणि तरी त्या दोन रेघा तिथे होत्या.

वाल्या कोळ्याची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! पापात वाटेकरी होता का, असे त्याने घरच्यांना विचारले आणि सगळ्यांनी नकार दिला. मला वाटते, त्या नकारानेच त्याचे भले केले. आमच्यासारख्या मित्रमंडळात उलटे घडते. तिथे प्रत्येक जण एकेक सातवा हिस्सा आनंदाने उचलतो, आणि सातवा हिस्सा इतका हलका असतो की घरी पोचेपर्यंत तो खिशातून कुठे पडला हे कळतही नाही. डिझेलचा खर्च सातांत वाटला तर प्रत्येकाला सातवा भाग पडतो, हे गणित बरोबर. पण उखडलेल्या मातीला सातांनी भागता येते काय?

आमच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडतात. तिथे कोणी 'उघडा' म्हणावे लागत नाही. माणसांच्या टोळीचेही पुष्कळदा तसेच होते. उत्साहाची पातळी चढते, दरवाजा उघडतो, आणि उघडला कोणी म्हणाल तर कोणीच नाही!

दाजीपूरच्या अभयारण्यात हा प्रश्न फारसा येत नाही. ते रान पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे. १९५८ साली ते गव्यांसाठी राखले गेले. तिथे परवानगी लागते, वाटाड्या लागतो. भाच्याने दाखविलेला सडा मात्र हद्दीबाहेरचा. तिथे अडवायला कोणी नाही, म्हणजे जे काही अडवायचे ते गाडीतल्या माणसानेच.

मी माझी हकिगत सांगितली. मुले समंजस, गाड्या खाली रस्त्यावर ठेवून चालत वर जायचे ठरले. एवढ्यात एकाने विचारले, "मग ह्याचं काय?" त्यांच्यातला एक जण लहानपणापासून पायाने अधू आहे. जीप वर न्यायची ती मुख्यतः त्याच्यासाठीच, हे मला ठाऊकच नव्हते. तो लगेच म्हणाला, "मी थांबतो की गाडीपाशी. त्यात काय!" आणि बाकीच्यांनी ते इतक्या चटकन मान्य केले, की माझ्या मनात चर्र झाले. पुन्हा तेच! त्याची निराशा चौघांत वाटून झाली होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला नावापुरती आली होती. माझीच हकिगत ऐकून हे घडत होते, म्हणजे पाचवा वाटेकरी मी.

मी त्यालाच विचारले, "वर चालत जायला तुला किती वेळ लागेल?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ह्यांना अर्धा तास लागत असेल तर मला दोन. मधे बसावं लागेल."

भाच्याने नकाशा पुन्हा पसरला. दुसऱ्या दिवशीचा शिवगड त्याने पेन्सिलीने खोडला, सड्यापुढे 'पहाटे पाच' असे लिहिले आणि उरलेल्या सात जणांना एकेकाला विचारायला तो फोन घेऊन अंगणात गेला.