दोष कोणाच्या हातचा?

एखादी वस्तु ज्याच्या हातांत असतांना मोडते, त्याच्याकडेच दोषाचें बोट आपोआप वळतें. मुलाच्या हातून कप फुटला, तर तो आधींच तडकलेला होता कीं काय, ही चौकशी मुलास दोन शब्द लागून गेल्यावर होते. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे कीं, तींत कांहीं अन्याय असेल, अशी शंकाही आम्हांस आजवर आली नव्हती. गेल्या पावसाळ्यांतील एका प्रसंगानें ती आली. तो प्रसंग आमच्या कमीपणाचा आहे; म्हणूनच तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची डिझेलवर चालणारी मोटार पंधरा वर्षांची आहे. तिच्या यंत्रांत टायमिंग बेल्ट नांवाचा एक दांतेरी रबरी पट्टा असतो. १९६२ च्या सुमारास जर्मनीतील ग्लास १००४ ह्या मोटारींत तो प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरण्यांत आला. त्यापूर्वीं हें काम बहुधा सांखळी किंवा दांत्यांचीं चाकें करीत. काम असें कीं, खालचा क्रँकशाफ्ट दोनदां फिरेपर्यंत वरचा कॅमशाफ्ट एकदांच फिरावा, आणि व्हॉल्व्हांची उघडझाप पिस्टनांच्या चढउतारीशीं नेमकी जुळावी. पुष्कळ यंत्रांत, विशेषतः डिझेलच्या, हे दोघे एकाच जागेंत आळीपाळीनें येतात. पट्टा तुटला कीं, वरचा शाफ्ट थांबतो, खालचा मात्र आपल्या वेगाच्या भरांत फिरत राहतो. आणि पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हांवर आदळून ते वांकवितात. सांखळी झिजली तर बहुधा खडखडते. पट्टा बहुधा कांहींच बोलत नाहीं. म्हणून त्याची मुदत किलोमीटरांत आणि वर्षांत, अशी दोन्हींत ठरवून दिलेली असते; कारण रबर उभ्या गाडींतही म्हातारें होतें.

हें सर्व नायगांवांतील आमच्या मिस्त्रीनें आम्हांस मागल्या दिवाळींतच समजावून दिलें होतें. "सर, पट्ट्याची मुदत संपून दोन वर्षं झाली. आतां बदलून घ्या," असें तो म्हणाला. गाडी सुरळीत चालत होती. "पुढच्या महिन्यांत पाहूं," असें आम्हीं म्हटलें; आणि असे आठ महिने गेले.

आषाढांतील एका रात्रीं शेजारचा तरुण दारांत आला. त्याच्या आईस दम लागला होता आणि तिला वसईस इस्पितळांत न्यावयाचें होतें. आम्हीं किल्ली दिली. उमेळ्याच्या रस्त्यावर पट्टा तुटला. यंत्र एकाएकीं बंद पडलें, स्टिअरिंग जड झालें, ब्रेक दाबतां दाबेना. भर पावसांत त्यानें गाडी कशीबशी कडेस आणिली. अर्ध्या तासानें रिक्षा मिळाली. आई सुखरूप राहिली, हें तिचें आणि आमचें दैव.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तो दहा हजारांचें पाकीट घेऊन आला. "सर, घाईत मीच गाडी जोरात हाकली. उरलेले पगार झाल्यावर देतो." आम्हीं पाकीट परत केलें आणि "असूं दे रे, गाडी आहे, मोडायचीच," असें म्हणालों. पैसे घेतले नाहींत. परंतु मिस्त्रीनें दिलेली सूचनाही सांगितली नाहीं. जें आमचें देणें होतें, त्याला औदार्याचें रूप देऊन आम्हीं त्याची कृतज्ञता पदरांत घेतली.

त्या रात्रीं आम्हांस क्लिफर्डची आठवण झाली. ह्या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधांत एका जहाजमालकाचें उदाहरण दिलें आहे. जहाज जुनें आहे. मनांत शंका येतात. त्या दडपून तो तें उतारूंसह समुद्रांत सोडतो. जहाज बुडतें, आणि तो दोषी ठरतो. परंतु क्लिफर्ड म्हणतो, तें सुखरूप पोहोंचलें असतें तरी तो तितकाच दोषी असता. हा निबंध आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविला आहे! त्या मालकास निदान आपल्या शंकेशीं झगडावें लागलें. आम्हांस शंका नव्हतीच, माहिती होती. तिला आम्हीं फक्त पुढची तारीख देत होतों.

कोणी म्हणेल, अशा घाईच्या वेळीं पट्ट्याचें पुराण कोण सांगत बसेल? पण तें एका वाक्यांत सांगतां आलें असतें. कदाचित् त्यानें तरीही गाडी नेली असती, कदाचित् प्रथमच रिक्षा शोधली असती. परंतु ती निवड त्याची असती. आमचा कायदाही हेंच म्हणतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १५० व्या कलमाप्रमाणें, वस्तु वापरावयास देणाऱ्यानें तिचे आपणांस ठाऊक असलेले धोक्याचे दोष सांगितलेच पाहिजेत. तेथील उदाहरण घोड्याचें आहे: द्वाड घोडा न सांगतां दिला, तो उधळून स्वार पडला, तर दायित्व देणाऱ्याचें. परंतु कायदा स्वाराच्या जखमेची भरपाई करवील. आपणच घोडा बिघडविला, असें त्या स्वारास वाटत राहिलें, तर तें ओझें उतरविण्यास देणाऱ्यानेंच त्याच्या दारीं गेलें पाहिजे.

तिसऱ्या दिवशीं आम्ही गेलों आणि सर्व सांगितलें. तरुण कांहींच बोलला नाहीं. त्याची आई मात्र खाटेवर उठून बसली व म्हणाली, "म्हणजे यानं नाही मोडली? दोन दिवस धड जेवला नाही हो तो." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मिस्त्रीनें हेड उतरविलें, वांकलेले व्हॉल्व्ह बदलले, आणि नव्या पट्ट्याबरोबर टेन्शनर व पाण्याचा पंपही नवा घातला. यंत्र सुरू करण्यापूर्वीं त्यानें क्रँकशाफ्ट हातानें दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात कीं नाहीं तें पाहिलें. मग एका चिठ्ठीवर तारीख व किलोमीटर लिहून ती बॉनेटच्या आंत चिकटविली. आतां कोणी गाडी मागितली, तर किल्ली देण्यापूर्वीं आम्ही ती चिठ्ठी त्यास दाखवितों.