माळ गळ्यात आणि खोटे ओठात

माहूरगडावर रेणुकामातेचे दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना परशुरामाची कथा आठवतेच. बापाची आज्ञा झाली आणि मुलाने आईवर परशू चालवला. पण वर मागायची वेळ आली, तेव्हा त्याने राज्य मागितले नाही, आईचा जीव मागितला. नियम पाळला की कर्तव्य संपले का, असा प्रश्न ही कथा आम्हांला विचारते.

आज हे कशावरून निघाले, ते सांगतो. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. त्या यवतमाळात २०१७ च्या डिसेंबरअखेर दोन पुरुषांनी आप्तांसमोर एकमेकांशी लग्न लावले. तेव्हा असा संबंध कलम ३७७ खाली गुन्हाच होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही. तो कायदा संसदेने करावा, असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. म्हणजे ही माणसे आज गुन्हेगार नाहीत, पण कायद्याने एकमेकांची कोणीही नाहीत.

वीस वर्षे एका चुलीवर जेवलेला सोबती गेला, तर मृत्युपत्रावाचून वारसाहक्क नाही. २०२४ साली केंद्र सरकारने थोडी वाट केली. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीला एक कुटुंब धरावे, बँकेत संयुक्त खाते काढता यावे, जवळचे नातलग नसतील तर सोबत्याला देह ताब्यात घेता यावा, असे कळवले. पण नातलग असले तर? ज्यांनी जिवंतपणी दार लावून घेतले, तेच शेवटी हक्क सांगायला येणार!

इथे प्रश्न आपल्या ओसरीवर येतो. असे लग्न धर्माला धरून आहे की नाही, यावर मतभेद राहतील; ते आज मिटावेत असा आमचा आग्रह नाही. पण पोरगा हात जोडून सांगतो, "आबा, मला बाईमाणसाची ओढच नाही, कुणाच्या लेकीचं वाटोळं करू नका," आणि आपण म्हणतो, "लग्न झालं की होईल सरळ!" गळ्यात तुळशीची माळ घालताना आपण खरे बोलण्याचे व्रत घेतो, आणि पोटच्या पोराला अंतरपाटामागे उभे करून खोटे बोलायला लावतो. दोन जीव जन्मभर जळतात. हे पाप कुणाच्या माथी?

कोणी म्हणेल, परंपरा मोडते. बाबांनो, पंढरीचे मंदिर अस्पृश्य म्हटलेल्यांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तेव्हाही परंपरेचेच नाव पुढे केले होते. आज त्या दारात कोणी जात विचारली, तर आपल्यालाच लाज वाटेल.

संसद करील तेव्हा कायदा करील. घरचा कायदा मात्र आपल्या हातात आहे. पोराचे खरे ऐकून घ्या, दार लावू नका, आणि त्याच्या शेवटच्या घटकेला त्याच्या सोबत्याला उशाशी बसू द्या. परशुरामाने आज्ञा पाळूनही शेवटी जीवच मागितला. आपण तरी दुसरे काय मागावे?

रामकृष्णहरी.