सामाईक भिंत

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. घर बांधणाऱ्याच्या खर्चाची आणि दगदगीची दखल तिनें पुरेपूर घेतली आहे; शेजाऱ्याची मात्र तींत कोठेंच आठवण नाहीं. मोकळ्या माळावर घर उभारणाऱ्याला ही म्हण पुरी पडते. त्याचा संबंध गवंड्याशीं, सुताराशीं आणि कर्ज देणाऱ्याशीं. तो चुकला तर आपल्यापुरता चुकतो. पण ज्याला एकमेकांस लागून असलेल्या घरांच्या ओळींत आपलें घर बांधावयाचें आहे त्याची गोष्ट निराळी. त्याच्या घराची निदान एक भिंत तरी त्याच्या एकट्याची नसते. जी वस्तु निम्मी आपली आणि निम्मी दुसऱ्याची, तिच्या बाबतींत माणसानें कसें वागावें, हा प्रश्न वरवर पाहतां गवंडीकामाचा दिसतो. परंतु मुळांत तो नीतीचा आहे, असें आम्हांस अनुभवानें वाटूं लागलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं पुण्याबाहेरील एका वसाहतींत आम्हीं वीस फूट रुंदीचा एक भूखंड घेतला. उजव्या हाताला रस्ता, आणि डाव्या हाताला एका सेवानिवृत्त शिक्षकांचा तेवढाच भूखंड. सारी वसाहत त्यांना गुरुजी म्हणे. आम्हीही तसेंच म्हणूं. नकाशा काढण्यास बसलों तेव्हां पहिला प्रश्न निघाला तो मधल्या भिंतीचा. प्रत्येकानें आपापल्या हद्दींत नऊ इंची भिंत घालावी, कीं हद्दीच्या रेषेवर एकच नऊ इंची भिंत घालून प्रत्येकानें साडेचार इंच जागा द्यावी? वीस फुटांच्या घरांत साडेचार इंच म्हणजे कांहीं राज्य नव्हे. पण दोन भिंती म्हटल्या म्हणजे दुप्पट खर्च, आणि शिवाय दोहोंमधील ती फट! तींत पावसाचें पाणी शिरतें, पाला कुजतो, उंदीर नांदतात आणि ओल दोन्ही घरांत पाझरते. तेथें केरसुणी पोंचत नाहीं आणि गवंड्याचा हातही पोंचत नाहीं. फट दोघांची असते म्हणूनच ती कोणाची नसते.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. फट ठेवणें हें नेहमींच अविश्वासाचें लक्षण नव्हे. भूकंपाच्या धक्क्यानें शेजारच्या दोन इमारती एकमेकींवर आदळूं नयेत म्हणून स्थापत्यशास्त्र जाणणारे लोक त्यांच्यामध्यें मुद्दाम अंतर ठेवावयास सांगतात. परंतु ती फटही दोघांना मिळूनच राखावी लागते. तिची रुंदी किती असावी, तिच्यावर आच्छादन कोणीं घालावें, पाणी कोणत्या अंगाला काढावें, हें ठरविल्यावांचून ती निभत नाहीं. एकत्र राहण्यास जशी दोघांची संमति लागते तशीच वेगळें राहण्यासही लागते. ओळींतल्या घराची शेजाऱ्यापासून सुटका नाहीं.

आम्हीं एकच भिंत घालण्याचें ठरविलें. परंतु त्या वर्षीं गुरुजींच्या पैशांची जुळणी होईना. ते म्हणाले, “तुम्ही पुढें व्हा. भिंत बांधून घ्या. माझें काम निघेल तेव्हां माझा निम्मा वांटा देईन.” काम सुरू झाल्यावर कळून आलें कीं, केवळ भिंत घालून भागत नाहीं. उद्यां त्याच भिंतीवर दोन्ही बाजूंच्या घरांचा भार यावयाचा, तर पाया आजच तेवढा रुंद व तेवढा खोल घेतला पाहिजे. एकदां भरलेल्या पायालगत मागाहून कोणी अधिक खोल खणूं लागला, तर पहिल्या पायाखालची माती सुटते आणि उभें घर धोक्यांत येतें. जोत्याची उंचीही ठरवावी लागते. नाहीं तर एकाच्या अंगणांतलें पाणी दुसऱ्याच्या ओटीवर यावयाचें. ‘दुसऱ्याच्या घराचा पाया आपल्या पैशानें कां घालावयाचा?’ असा प्रश्न आमच्याच घरांत निघाला. शब्दावर विश्वास ठेवून आम्हीं पाया घातला आणि भिंतही बांधली. मात्र कागद केला नाहीं. गुरुजींसारख्या माणसाकडे कागद मागणें म्हणजे त्यांचा अपमान करणें, असें आम्हांस वाटलें. त्यांनींही कदाचित् त्याच संकोचानें विषय काढला नाहीं.

तिसऱ्या वर्षीं गुरुजी वारले. त्यांचा मुलगा परगांवीं नोकरीस होता. तो येऊन घर बांधण्याच्या तयारीस लागला. मोजणी झाली, आणि साडेचार इंच भिंत आपल्या हद्दींत असल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें नम्रपणेंच विचारलें, “काका, ही भिंत आमच्या जागेंत कोणाच्या परवानगीनें आली?” आम्ही म्हणालों, “तुमच्या वडिलांच्या.” तो म्हणाला, “तसा कांहीं कागद असेल तर पाहूं द्या.” कागद नव्हताच. आम्हांस त्या प्रश्नाचा फार राग आला. पण आज विचार करतां वाटतें, तो प्रश्न अगदीं रास्त होता. वडिलांनीं दिलेला शब्द त्यानें ऐकलाच नव्हता, तर तो त्याला बांधला कसा जाणार? रागाच्या भरांत चूक आमच्याही हातून झाली. भिंतीचा निम्मा खर्च आम्हीं त्या दिवसाच्या दरानें मागितला. विटा, सिमेंट व मजुरी तोंवर बरीच चढली होती. तो म्हणे, अतिक्रमण तुमचें आणि वर नफाही तुमचाच! सहा महिने दोन्ही घरांत बोलणें नव्हतें.

अखेर दोघांनाही मान्य असलेल्या एका वृद्ध अभियंत्यानें तंटा मिटविला. जागा दोघांनींही सारखी दिली, तेव्हां जागेचे पैसे कोणीं कोणास द्यावयाचे नाहींत. भिंतीला प्रत्यक्ष जो खर्च लागला त्याचा निम्मा भाग मुलानें द्यावा, आणि मधल्या वर्षांचें साधें व्याज द्यावें. पुढें आमच्या वाचनांत आलें कीं, हा निवाडा कांहीं नवा नव्हता. १६६६ सालीं लंडन शहरांत मोठी आग लागून १३,००० हून अधिक घरें भस्मसात् झालीं. दुसऱ्याच वर्षीं शहर पुन्हा बांधण्याचा जो कायदा झाला त्यांत सामाईक भिंतीचा नियम घालून दिला होता. जो प्रथम बांधील त्यानें भिंत दोघांच्या जमिनींत सारखी घालावी. दुसऱ्यानें बांधावयास काढल्यावर निम्मा खर्च शेंकडा ६ व्याजासह पहिल्यास द्यावा; तो दिल्यावांचून त्याला बांधूं देऊं नये. या नियमामुळें पहिल्याची घाई त्याला बुडवीत नाहीं आणि दुसऱ्याच्या गरिबीलाही खालीं पहावें लागत नाहीं. त्याच कायद्यांत आणखी एक बारीकशी अट आहे: पहिल्यानें आपल्या दर्शनी भिंतीच्या कडेस विटांचे दाते सोडावेत, म्हणजे पुढच्या घराची भिंत तींत नीट गुंतेल. हे दाते पहिल्या घराला कांहींच उपयोगाचे नाहींत. जो अजून आला नाहीं, त्याच्यासाठींच ते आहेत.

आमचा दोष कोठें होता तें या अटीनें आम्हांस दाखविलें. पाया घालतांना आम्हीं पुढच्या घराचा विचार केला, पण पुढच्या माणसाचा केला नाहीं. विटांचें काम केलें आणि कागदाचें टाळलें. कायद्यावर भरंवसा ठेवावा, तर तो उशिरानें मदतीस येतो. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा जो नैसर्गिक हक्क मानला आहे तो जमिनीला, तिच्या मूळ स्थितींत. तिच्यावर चढविलेल्या घराच्या भाराला तसा हक्क वहिवाटीनें मिळावयाचा तर वीस वर्षें निर्वेधपणें जावीं लागतात. तोंवर करार नसेल तर घर बऱ्याच अंशीं शेजाऱ्याच्या सौजन्यावर उभें असतें. इंग्लंड व वेल्समधील १९९६ चा कायदा तर स्पष्टच सांगतो कीं, शेजाऱ्याची लेखी संमति नसेल तर हद्दीवर सामाईक भिंत घालतां येत नाहीं. ती सर्वस्वीं स्वतःच्याच जमिनींत घालावी लागते. तेथेंही दोघांना मिळून एकच तज्ज्ञ नेमतां येतो, आणि त्याचा निवाडा दोघांस बांधतो.

कोणी म्हणेल कीं, इतका करार-मदार करावयाचा तर स्वतःचें घर बांधण्यांत स्वातंत्र्य तें काय उरलें? आमच्या मतें उरतें तें पुष्कळ आहे. ॲमस्टरडॅम शहरांत बोर्निओ नांवाच्या भागीं गेल्या शतकाच्या अखेरीस साठ अरुंद भूखंड एका ओळींत लोकांस दिले गेले. भूखंडांची रेषा आणि उंचीची मर्यादा ठरलेली. त्यांच्या आंत प्रत्येकानें आपापला वास्तुशिल्पी नेमून आपल्या मनासारखें घर बांधलें. आज तेथें एका घराचें तोंड दुसऱ्यासारखें नाहीं. पाया, हद्द, जोतें आणि पाण्याची वाट एवढ्यांवर एकमत झालें कीं खिडकी, जिना, रंग हें ज्याचें त्यानें पहावें. खालीं ज्यांचें ठरलेलें असतें त्यांनाच वर मोकळेपणा परवडतो.

शेजाऱ्यावर विश्वास असावा कीं नसावा, हा प्रश्नच आम्हांस आतां चुकीचा वाटतो. विश्वास असावाच, पण विश्वास माणसाबरोबर जातो आणि भिंत मागें राहते. लेख करून ठेवणें हा समोरच्या स्नेह्याचा अपमान नसून त्याच्या आणि आपल्या मुलांविषयींचें कर्तव्य आहे. गुरुजींशीं आमचें कधींही बिनसलें नाहीं. त्या स्नेहाच्या भरांत आम्ही त्यांच्या मुलाचें व आमचें वैर पेरीत होतों, हें मात्र आम्हांस दिसलें नाहीं.

गुरुजींचें घर आतां पुरें झालें आहे. त्यांच्या सुनेच्या स्वयंपाकघरांतील आवाज त्या भिंतींतून आम्हांस पुसट ऐकूं येतात. आमचेही त्यांना येत असतील. भिंतीचा लेख दोन प्रतींत केला असून एकेक प्रत दोन्ही घरांत आहे. त्यावर गुरुजींची सही असती तर तो पुरा झाला असता, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.