ऐन वेळचा आहेर

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात ब्लाउजपिसांची एक थप्पी आहे. त्यातली निम्मी मी विकत घेतलेली नाहीत. कुणाच्या डोहाळजेवणात, कुणाच्या वास्तुशांतीत ओटीत आली, घडी न मोडता थप्पीत गेली आणि पुढच्या सवाष्णीची वाट बघत बसली. एक मोरपंखी पीस तर माझ्याकडून देवासला गेले, तिथून इंदूरला, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात पुन्हा माझ्याच ओटीत येऊन पडले. किमतीची चिठ्ठी काढताना कोपऱ्यावर पडलेला शाईचा ठिपका तसाच होता. देणाऱ्या बाईंनी ते मोठ्या प्रेमाने दिले आणि मीही प्रेमानेच घेतले. देता-घेताना दोघींनीही ते पीस पाहिले मात्र नाही.

माझे माहेर देवासचे, संस्थानाच्या थोरल्या पातीतले. शाळेतल्या नोकरीने मला बागली तहसिलीतल्या उदयनगरला आणले आणि निवृत्तीनंतरही मी इथेच राहिले. आहेराचा विषय निघाला की भाचा पुण्याहून फोनवर म्हणतो, "मावशी, मागवून टाक ना, एवढा काय विचार करतेस?" मी आमचा पिनकोड घालते आणि फोनवर अक्षरे उमटतात: पाच ते सात दिवस. इथली आमंत्रणे तर आदल्या संध्याकाळी येतात. हाटात भाजी घेताना कुणीतरी सांगते, उद्या पोरीची हळद आहे, यायचंच. गावापासून जवळ कावडिया पहाड आहे; ठोकले की धातूसारखे वाजणारे, खांबांसारखे कोनदार बेसाल्टचे दगड तिथे ढिगांनी पडले आहेत. भीम ते कावडीतून वाहून नेत होता आणि उजाडले म्हणून तिथेच टाकून गेला, असे लोक सांगतात. वेळेत न पोहोचलेला माल या भागाला नवा नाही.

मुद्दा असा की, आज रात्री ठरवून उद्या सकाळी द्यायची भेट खालच्या प्रतीची ठरते का? महिनाभर आधी शोधून, कागदात बांधून ठेवलेली भेट जास्त मनापासूनची असते, असे आपण धरून चालतो. मलाही तसे वाटत असे. वडिलांच्या तोंडून ऐकलेला गीतेचा सतरावा अध्याय हे मत पक्के करणाराच वाटे. देश, काल आणि पात्र बघून, परतफेडीची आशा न धरता दिलेले ते सात्त्विक दान. अस्थानी, अवेळी, मान न राखता दिलेले ते तामस. शंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखे ठिकाण आणि काल म्हणजे संक्रांतीसारखे पर्व. म्हणजे सगळे पंचांगात आधीच कळलेले, तयारीला भरपूर सवड असलेले.

पण पंचांग बघून कुणाला गरज पडत नाही. शाळेत असताना माझ्या लक्षात आले की वह्यावाटपाचा कार्यक्रम स्वातंत्र्यदिनाला असे आणि मुलांच्या वह्या संपत दिवाळीनंतर. काल हा घेणाऱ्याचा असतो असे मी तेव्हापासून मानते. भाष्यकारांपुढे माझा अधिकार काय, हे ठाऊक असूनही मानते.

आपल्या दानशास्त्रात ऐन वेळच्या देण्याला आधार आहे आणि तो सापडला तेव्हा मला हसू आले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, तेराव्या शतकातला. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'चा एक मोठा भाग नुसत्या दानावर आहे: गाय कशी द्यावी, तीळ कसे द्यावे, सोन्याची तुला कशी करावी. सगळी थाटामाटाची, तयारीची दाने. दानाची सहा अंगे मात्र आपल्या शास्त्रकारांनी देवल ऋषींच्या नावावर सांगितली आहेत: देणारा, घेणारा, श्रद्धा, द्यायची वस्तू, देश आणि काल. सहांत वस्तू एकच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सगळा पसारा मांडला आहे. त्यात एक सोय अशीही येते की घेणारा दूर असेल तर त्याला मनात आणावे, हातावर पाणी घेऊन ते जमिनीवर सोडावे. दानाचा संकल्प झाला. वस्तू मागाहून पोहोचवायची. पार्सल न पोहोचण्याची अडचण शास्त्रकारांनाही होती तर.

या विधीचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी माणूस मनात येतो, मग पाणी सुटते, वस्तू सगळ्यांत शेवटी. माझ्या थप्पीत नेमके उलटे घडते. वस्तू तयार असते आणि माणूस नंतर शोधला जातो. फोनवरची दुकानेही तशीच. 'तिच्यासाठी', 'त्याच्यासाठी', 'पाचशेच्या आत' असे कप्पे असतात आणि आपण कप्प्यात शिरतो तेव्हा आपली 'ती' बाहेरच राहते. अशी भेट महिनाभर आधी घेतली काय नि आदल्या रात्री घेतली काय, सारखीच.

यावर कुणी म्हणेल, मग बरेच आहे, मनात भाव आणला की झाले, वस्तूची कटकटच नको. आमच्या नात्यात असे एक गृहस्थ आहेत. प्रत्येक लग्नात रिकाम्या हाताने येतात आणि "आपला आशीर्वाद हाच आहेर" म्हणून चार वाट्या श्रीखंड खातात. शास्त्र त्यांच्या बाजूचे नाही. कबूल केलेले दान दिले नाही तर ते ऋण होऊन मानेवर बसते, असे धर्मशास्त्र स्पष्ट सांगते. मनातल्या संकल्पाला सवलत आहे, माफी नाही.

सुदाम्याची गोष्ट आपण भावाच्या थोरवीसाठी सांगतो. भागवताच्या दहाव्या स्कंधात मला अधिक भावते ती त्याची बायको. तिला तिथे नावही नाही. नवरा द्वारकेला निघायला तयार होतो तो तिने पुन्हा पुन्हा म्हटल्यावर, आणि निघताना विचारतो, घरात नेण्यासारखे काही आहे का? म्हणजे भेटीची आठवण झाली ती ऐन निघण्याच्या वेळी. घरात काही नाही. ती शेजारच्या ब्राह्मणांकडे जाते, चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. घाईतली, उसनी, दुसऱ्याच्या डब्यातली भेट. सुदाम्याला ती काढायची लाज वाटते; कृष्ण ती त्याच्याकडून ओढून घेतो. घेणाऱ्याने हात पुढे केला नसता तर ते पोहे तसेच परत आले असते, माझ्या मोरपंखी पिसासारखे. देवलांच्या सहा अंगांत घेणारा का आहे, हे मला या प्रसंगावरून कळते.

आता उदयनगरचेच सांगते. इथल्या चर्चमध्ये सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. मूळच्या केरळच्या. १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या आणि आदिवासींमध्ये, भूमिहीन मजुरांमध्ये काम करू लागल्या. सावकारी कर्जातून लोकांना बाहेर काढायचे, सरकारी योजना समजावून सांगायच्या, कागद भरून द्यायचे. ज्यांचे त्यामुळे नुकसान होत होते त्यांना हे खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या इथून इंदूरच्या बसने निघाल्या आणि वाटेत, प्रवाशांच्या देखत, सुऱ्याने भोसकून त्यांना मारण्यात आले. मारणारा याच भागातला तरुण. त्याला जन्मठेप झाली.

त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, हीसुद्धा जोगीण. २१ ऑगस्ट २००२ ला, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि त्या माणसाच्या मनगटावर तिने राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. २०१७ च्या ४ नोव्हेंबरला इंदूरमध्ये राणी मारियांना 'धन्य' घोषित केले गेले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत उदयनगरचे नाव आले. माझे मन मात्र त्या सोहळ्यापेक्षा राखीपाशीच घोटाळते.

राखी कुठेही मिळते. श्रावणात टपऱ्यांवर झुबकेच्या झुबके लोंबत असतात, आदल्या दिवशीसुद्धा. वस्तू म्हणून तिच्यात शोधण्यासारखे, निवडण्यासारखे काही नाही. पण ज्याला द्यायची त्याच्यापर्यंत मन जायला सात वर्षे लागली. सात वर्षांत त्या बहिणीच्या मनात काय काय झाले ते तिलाच ठाऊक. मी त्यावर काही बोलणे बरे नाही. एवढे दिसते की दानाच्या ग्रंथांत पात्राची जी लक्षणे सांगितली आहेत, विद्या, शील, दया, त्यांतले एकही त्या माणसाकडे तेव्हा नव्हते. परतफेडीचे म्हणाल तर राखीला ओवाळणी लागते, आणि कैद्याच्या खिशात काय असणार? गीतेतली परतफेडीची अट पुरी झाली आणि पात्राची पार मोडली. की राखी बांधल्यावर तो पात्र झाला? यावर मी अनेकदा विचार केला आहे, आणि दर वेळी उत्तर दुसऱ्याच बाजूला झुकते. शिवाय हे उदाहरण देऊन कुणा दुखावलेल्या माणसाला "बघ, तिने माफ केले, तूही कर" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. क्षमा मागवून घेता येत नाही, आणि तिचा हुकूमही सोडता येत नाही.

एवढे मोठे प्रसंग सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. आपल्यापुढे येतात ते लहान. या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका भिलाला जमातीच्या घरातली मुलगी रात्री आठला दारात आली. माझीच विद्यार्थिनी. नर्सिंगच्या यादीत तिचे नाव लागले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने इंदूर गाठायचे होते. पाया पडायला वाकली तेव्हा माझा हात सवयीने खालच्या खणाकडे गेला. मग तिच्याकडे नीट बघितले. सलवार-कुडत्यातली मुलगी, ब्लाउजपिसाचे ती काय करणार? नोटा द्याव्या तर तिचे वडील संकोचाने परत करतील. बाजार बंद झालेला.

बोलता बोलता कळले की वसतिगृहात रविवारी रात्रीचे जेवण नसते. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. रविवारी स्वस्तात काय मिळते, याची चौकशी करत होती.

मी इंदूरला वहिनीला फोन लावला. सुदाम्याच्या बायकोसारखेच झाले म्हणा, द्यायचे मी आणि पोहे दुसऱ्याच्या डब्यातले. दर रविवारी संध्याकाळी एक मुलगी जेवायला येईल, चालेल का, एवढेच विचारले. वहिनी स्पष्टवक्ती आहे. जमणार नसते तर तसे म्हणाली असती. मग वहीच्या कागदावर मी पत्ता लिहिला, कोणत्या चौकात उतरायचे, कोणती गल्ली, दाराचा रंग, वहिनीचा नंबर. खाली माझी सही केली. ती का केली कोण जाणे, शिक्षकी सवय.

मुलीने कागद दोनदा वाचला. घडी घालून ओढणीच्या टोकाला बांधला, पुन्हा सोडला आणि म्हणाली, "मॅडमजी, खाना खाऊंगी, तो बर्तन भी मैं ही मांजूंगी." मी नको नको म्हणायला लागले. मग गप्प बसले. नुसते घेत राहावे लागले तर ती तिसऱ्या रविवारी जायची नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. फोन अजून चालूच होता. मी वहिनीला अट सांगितली.

"घासू दे की," वहिनी म्हणाली, "पण आधी तिला विचार, तिखट कितपत चालतं? आमच्याकडे गोडं वरण असतं रविवारी."

मुलीने ते ऐकले आणि हिरव्या मिरच्या आपल्या आपण घेऊन येईन, असे सांगायला लावले.