भाताचे वय आणि खरी साक्ष

हंगामाच्या सणासाठी मुरगावच्या शब्बाथशाळेत भाताच्या लोंब्या आणल्या होत्या. त्या पाहून एका मुलाने विचारले, “बाई, देवाने भात कधी निर्माण केला?” बाई गोंधळल्या आणि प्रश्न आमच्याकडे आला.

आम्हांपैकी कित्येकांना लहानपणी ‘सहा हजार वर्षांपूर्वी’ असे उत्तर मिळाले होते. तो आकडा पवित्र शास्त्रात लिहिलेला नाही. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी शास्त्रातील वंशावळ्या मोजून जगाचा आरंभ ख्रि. पू. ४००४ मध्ये ठरविला, त्यावरून तो आला.

भातालाही वंशावळ आहे. भात, गहू, ऊस, बांबू ही एकाच गवतकुळाची भावंडे. त्यांच्या आनुवंशिक द्रव्यातील फरकांवरून कोणती शाखा आधी फुटली ते कळते. किती वर्षांपूर्वी, ते मात्र कळत नाही. त्यासाठी वय ठाऊक असलेल्या खडकातील जीवाश्माची साक्ष लागते.

अशी साक्ष चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यास मिळाली. तेथे डायनोसॉरच्या काळातील विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ साली डॉ. वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत गवताच्या पानांतील वाळूसारखे सूक्ष्म कण दाखविले. काही कण भाताच्या शाखेशी जुळणारे होते. ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. गवत इतके जुने असेल असे तोवर फारसे कोणी मानीत नव्हते.

तरी ही साक्ष किती नेमस्त आहे पाहा! ‘ही शाखा निदान इतकी जुनी आहे’ एवढेच जीवाश्म सांगतो. याहून किती जुनी, ते सांगत नाही. हे कण हिशेबात धरले तर गवतकुळाचे वय वाढते, वगळले तर घटते. म्हणून विद्वानांत मतभेद आहेत, आणि ते उघडपणे मांडले जातात.

मग शिक्षकांनी काय करावे? नववी आज्ञा आपल्याला खोट्या साक्षीपासून आवरते. देवाची बाजू राखण्यासाठी दिलेली खोटी साक्षही खोटीच. आज आपण मुलाला चुकीचा आकडा दिला आणि उद्या कॉलेजात तो खोटा ठरला, तर वधस्तंभाविषयीची आपली साक्ष तो का मानील?

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) सुवार्ता सांगत आणि जीवाश्मही गोळा करीत. एका कामामुळे दुसऱ्याला बाध येतो असे त्यांना वाटले नाही.

आम्ही बाईंना सुचविले, “मुलाला सांगा, भाताची शाखा कोट्यवधी वर्षांची असावी, नेमका आकडा अजून शोधला जात आहे. पण ती कोणाच्या हातून आली, हे आपण जाणतो. म्हणून या लोंब्या आपण त्याच्यापुढे ठेवतो.”