नाळेचे रक्त कोणाचे?

'इथे माझी नाळ पुरली आहे' असे आपल्याकडे माणूस आपल्या गावाविषयी मोठ्या जिव्हाळ्याने म्हणतो. नाळ आणि वार मातीत गेली की त्यांचे कार्य संपले, अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. १९८८ साली पॅरिसमधील सें-लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी, अस्थिमज्जेच्या आनुवंशिक विकाराने आजारी असलेल्या एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले आणि तो जगला. रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशी त्या रक्तात विपुल असतात. तेव्हापासून ते टाकाऊ राहिले नाही.

ख्रिस्तसभेने याला आडकाठी केलेली नाही. भ्रूणाचा नाश करून मूळपेशी मिळविणे तिला अमान्य आहे. परंतु 'दिग्नितास पेर्सोने' या २००८ सालच्या व्हॅटिकनच्या निवेदनात, ज्याच्या पेशी घ्यावयाच्या त्याला गंभीर इजा होत नसेल तर तो मार्ग ग्राह्य ठरविला असून, जन्मसमयी घेतलेल्या नाळेच्या रक्ताचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. प्रश्न येथे मिटला असे वाटेल. माझ्या मते तो येथेच सुरू होतो. कारण 'इजा होऊ नये' या अटीची राखण रोमला करता येत नाही, ती निफाडसारख्या तालुक्याच्या गावी रात्रपाळीस असलेल्या परिचारिकेला करावी लागते.

बाळ जन्मले की नाळेला चिमटे लावून ती कापतात. मग वारेकडे राहिलेल्या भागातील शिरेत सुई घालून रक्त पिशवीत उतरू देतात. नाळ जन्मताक्षणीच कापली तर पिशवी अधिक भरते. थोडे थांबले तर तेच रक्त बाळाच्या अंगात जाते. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबावयास सांगते, कारण त्या रक्तातील लोह बाळाला पुढे कित्येक महिने पुरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते पाच वर्षे वयाची आपल्या देशातील शेकडा ६७ मुले रक्तक्षयी आढळली. द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या खळ्यावर दिवस भरेपर्यंत राबलेल्या आईच्या बाळाला ते मिनिट नाकारणे म्हणजे बोलता न येणाऱ्याच्या ताटातले काढून घेणे होय.

कोणी म्हणेल, दूर कोठे रक्ताच्या कर्करोगाने एखादे मूल खंगत असेल, त्याचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो मनाला लागतो. पण त्या मुलासाठी द्यावयाचे ते बाळाचे घेऊन झाल्यावर उरलेले. थांबल्याने पिशवी अपुरी भरली तर अपुरीच राहू द्यावी. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचेही मत असेच आहे: रक्त गोळा करण्यासाठी नाळ कापण्याची रीत बदलू नये.

आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा ही पिशवी परक्या मुलासाठी भरलीच जात नाही. खासगी पेढ्या ती त्याच बाळासाठी, 'विमा' म्हणून, पैसे घेऊन ठेवतात. थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष त्या रक्तातही असतोच, ही गोष्ट जाहिरातीत सहसा मोठ्या अक्षरांत नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा साठवणुकीला शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे. घरात आधीच एखादे मूल अशा आजाराने पीडित असेल तर गोष्ट वेगळी. तेथे भावंडाचे रक्त जपणे शहाणपणाचे आहे.

निर्गम ग्रंथातील शिप्रा आणि पुवा या सुइणींना प्रत्यक्ष फारोची आज्ञा होती, तरी त्यांनी हात आवरला. आजच्या परिचारिकेपुढे फारो नाही. वरिष्ठांचा शब्द असतो, नातेवाइकांनी आधीच भरलेले पैसे असतात, कोठे मोबदल्याचे आमिषही असू शकते. आणि खोलीत सर्वांत कमी पगार बहुधा तिचाच असतो. भार मात्र तिच्या बोटांवर. म्हणून संमती कळा सुरू झाल्यावर मागू नये. ती सातव्या-आठव्या महिन्यातच, नवऱ्यासह आईला बसवून, मोबदला मिळत असल्यास तोही सांगून घ्यावी. आणि बाळंतिणीला अतिरक्तस्राव होऊ लागला किंवा बाळ रडेना, तर परिचारिकेने पिशवी बाजूला ठेवावी. सकाळी तिला त्याचा जाब कोणी विचारू नये, पैसे भरलेल्या आजोबांनीही नाही.