सतराशे एकसष्ट

"काढून टाक म्हणलंय का कुणी?" गुरुजींनी विचारलं.

"कुणीच नाही. म्हणून तर तुमच्याकडं आले."

गुरुजी ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत बसले होते. चौथी मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आता उदगीरजवळच्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवते. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. किल्ल्याच्या खंदकापाशी उभी राहून माझ्या वर्गातली एक पोर बोलत होती. सदाशिवरावभाऊ, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना, निजामानं सोडलेला साठ लाखांचा मुलूख, सगळं न अडखळता. फक्त साल म्हणाली, सतराशे एकसष्ट.

"ते पानिपतचं," गुरुजी डाळीवरची नजर न हलवता म्हणाले. "उदगीरची लढाई १७६० ची. ३ फेब्रुवारी."

"मला टाकताना कळलंच नाही. रात्री शाळेच्या खात्यावर रील टाकली, सकाळी बघते तर खाली ही रांग. 'आधी शिकवा, मग रील काढा.' हे माझ्यासाठी, ते ठीक आहे. पण एकानं तिच्या बोलण्याची नक्कल करून टाकली. पोर दोन दिवस शाळेत आली नाही."

"चौथीत तू अफजलखानाच्या वधाचं साल फळ्यावर १६९५ लिहिलं होतंस. अख्खा वर्ग हसला. मी तुझ्याच हातात डस्टर दिलं."

"मला नाही आठवत."

"नाहीच आठवणार. पुसलं होतं की."

मी जरा गप्प झाले. पण हे इतकं सोपं नाही, हे त्यांना सांगायलाच हवं होतं. "गुरुजी, ही पोर फळ्यापुढं उभीच राहत नव्हती. घरात लमाणी बोलतात. वर्गात मराठी बोलताना चुकेल म्हणून तोंडच उघडायची नाही. एकदा रात्री नऊ वाजता वर्गाच्या ग्रुपवर तिचा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटांचा. मागं भाकरी थापल्याचा आवाज. बाप शेतातून आल्यावरच मोबाईल तिच्या हाती लागतो. तीनदा रेकॉर्ड करून खोडला आणि चौथ्यांदा पाठवला, असं नंतर म्हणाली. तो आवाज ऐकूनच मी तिला किल्ल्यावर बोलायला उभी केली."

"चांगलं केलंस."

"मग चुकलं कुठं?"

गुरुजींनी सूप बाजूला ठेवलं. रिटायर झाले तरी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. "ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या लेकरांना असली खातीच बंद केली."

"तिथं बंद केली म्हणून आमच्या तांड्यावरच्या पोरीला कोण ऐकणार आहे? आणि परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यात मोबाईलच होता ना?"

"त्यांचा क्यूआर कोड होता. पुस्तकातला चौकोन स्कॅन केला की धडा उघडतो. धडा संपला की संपला. पुढं हे बघ, ते बघ, असं ओढत नेत नाही. आणि धडा बघणाऱ्या लेकराला कुणी बघत नसतं."

"तेच तर, गुरुजी! तिला कुणीतरी बघावं, ऐकावं, हेच मला हवं होतं. २०२२ ला ९५ वं साहित्य संमेलन आपल्या उदगिरात झालं. तिथं एखादं लेकरू व्यासपीठावर चढलं असतं, तर आपण सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या."

"साल चुकलं असतं तरी वाजवल्या असत्या," ते म्हणाले. "मंडपात पुढच्या रांगेतली म्हातारी 'असू दे बाळा' म्हणली असती. तिला लेकराचे पाय कापताना दिसतात. तुझ्या त्या नक्कल करणाऱ्याला काय दिसलं?"

हे मला पटलं आणि पटलं नाहीही. मंडपातही टवाळ असतातच. फक्त तिथं ते मागं बसतात.

"आईबापांना विचारलं होतंस?"

"सही घेतली होती." हे मी जरा ऐटीतच म्हणाले. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो, एवढं मलाही माहीत होतं.

"सही?"

"आईचा अंगठा."

"तिला काय म्हणलीस?"

"लेकीचं भाषण मोबाईलवर दिसंल, असं."

"किती जणांच्या मोबाईलवर, ते?"

मी काही बोलले नाही. आम्ही २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत घाईघाईनं ग्रुप काढले, तेव्हा प्रत्येक घरातला नंबर सगळ्या वर्गाला दिसेल, हेही कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ती घाई साथीची होती. ही माझी.

"मग आता काढून टाकते," मी म्हणाले. "पण अडचण अशी की पोर म्हणते, बाई, काढू नका. पुण्याला बांधकामावर असलेल्या तिच्या मामानं ती रील सगळ्या कामगारांना दाखवली. ती फक्त साल दुरुस्त करा म्हणते. आता बोललेलं साल कसं दुरुस्त करू? काढली, तर तिला वाटणार बाईंनासुद्धा माझी लाज वाटली. ठेवली, तर उद्या कुणी आणखी काही लिहील."

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरून तिनं चौथ्यांदा पाठवला होता. किल्ल्यावर तू तिला किती वेळा बोलू दिलंस?"

"एकदाच. ऊन चढलं होतं. बाकीची लेकरं खोळंबली होती."

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं.

उद्या शाळा सुटल्यावर मी तांड्यावर जाणार आहे. तिच्या आईला वाचता येत नाही. रील दाखवून खालचे शेरेही मोठ्यानं वाचून दाखवायचे, की नुसती रीलच दाखवायची, हे अजून माझं ठरलेलं नाही.